दिवाळीच्या किल्ल्यावरील महाराजांचा चेहरा

आश्विन लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप पालटतो. एरवीची लोणची, मुलांची दुखणी व कपाटातील वाळवी ही मागे पडतात आणि किल्ल्यांविषयी पृच्छा सुरू होते. बुरूज ढासळू नये म्हणून मातीत काय मिसळावे, हळीव किती दिवस आधी पेरावेत, दगडांवर ओले गोणपाट टाकावे की नुसताच चिखल लिंपावा, अशा प्रश्नांना आम्ही आजवर यथाशक्ति उत्तरे देत आलो आहोत. यंदा मात्र एका भगिनींचे पत्र आले आहे ते निराळ्या जातीचे आहे, आणि त्यास दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांस बरे वाटले नाही.

त्यांच्या घरी सिंहासनावर बसलेल्या श्रीशिवाजीमहाराजांची एक लहानशी मूर्ती आहे. चार दिवाळ्यांपूर्वी ती बाजारातून आणली. प्रतिवर्षी किल्ल्यावर बसून व पाण्याचे शिंतोडे खाऊन तिच्या मुखावरील रंगाचे पोपडे निघाले आहेत. त्यांचा धाकटा पुतण्या तेरा वर्षांचा असून त्याचा हात चित्रकलेत बरा चालतो. तो म्हणतो, "काकू, महाराजांचा चेहरा मी पुन्हा रंगवतो." वडील मंडळींस हे पसंत नाही. "महाराजांच्या मुखास पोराटोरांनी रंग फासावयाचा नाही; नवी मूर्ती आणा," असे मामंजींचे म्हणणे. त्यात मुलाने आणखी एक प्रश्न टाकला आहे: महाराज खरोखर असे गुलाबी होते काय, आणि ते सदा रागावलेले का दिसतात? या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नव्हते. तेव्हा मूर्ती रंगवावी की नाही, आणि रंगवावयाची तर कशी, हे आम्ही सांगावे अशी त्यांची इच्छा आहे.

मुलाचा प्रश्न आम्हांस मूर्तीहूनही मोलाचा वाटतो. म्हणून आरंभ तेथूनच करू.

बाजारातील मूर्ती साच्यातून निघते. शाडूची असो वा प्लास्टरची, एकाच साच्याची शेकडो भावंडे ओळीने मांडलेली असतात आणि दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात कारागिराला ती सर्व हातावेगळी करावयाची असतात. प्रथम साऱ्या मुखांवर एकच गुलाबी रंग चढतो. मग दाढीमिशांचा काळा फटकारा, भुवयांच्या दोन रेघा, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, आणि त्या पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर दोन काळे ठिपके. पुढ्यातील चहा निवण्याच्या आत चार-सहा चेहरे सहज पुरे होतात. आपण मूर्तीला जी किंमत देतो तीत याहून अधिक मागणे हे अन्यायाचेच होईल. परंतु त्या दोन काळ्या ठिपक्यांचा परिणाम काय होतो तो पाहावा. माणसाचे बुबुळ वरच्या पापणीखाली थोडे झाकलेले असते आणि खालच्या पापणीला टेकलेले असते. त्याच्या चारी बाजूंनी पांढरे दिसते ते केवळ दोन प्रसंगी: माणूस दचकला म्हणजे, किंवा संतापाने त्याचे डोळे वटारले म्हणजे. अर्थात महाराजांच्या मुखावरील हा राग कोणी योजून आणलेला नाही. तो घाईचा परिणाम आहे. पण मुलांच्या मनात तोच बसतो, आणि पुढे मोठेपणी तीच मुले भिंतीवरील चित्रांत, मोटारींच्या काचांवर तोच राग पसंत करतात, हे आपण पाहतच आहोत.

मग ज्यांनी महाराजांस पाहिले, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकले, त्यांनी काय लिहून ठेवले आहे?

इ. स. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तेथील इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचे पाद्री होते. त्यांनी त्याच महिन्यात विलायतेस लिहिलेल्या पत्रात प्रत्यक्षदर्शी लोकांच्या तोंडून ऐकलेले वर्णन दिले आहे. बांधा ठेंगणा परंतु ताठ व प्रमाणबद्ध, दृष्टी चपळ आणि भेदक, वर्ण आपल्या इतर लोकांहून गोरा, आणि बोलताना मुद्रा हसल्यासारखी दिसते, असा त्याचा आशय आहे. ज्या शहराची नुकतीच धूळधाण झाली तेथील, व शत्रुपक्षाच्या वखारीतील हे पत्र. त्यात रागाचा उल्लेख नाही आणि हास्याचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी साक्ष इ. स. १६६६ मधील. महाराज आग्र्यास गेले तेव्हा मिर्झाराजे जयसिंगांच्या पदरचा परकालदास हा तेथे होता. त्याने आपल्या धन्याच्या दिवाणास राजस्थानी भाषेत जी पत्रे पाठविली त्यांत महाराजांचे रूप वर्णिलेले आहे. प्रथम पाहता शरीर लहानखुरे वाटते, पण चेहरा विलक्षण गोरा. आणि हा कोण असे न विचारताही हा राज्य करणारा पुरुष आहे हे मनास पटते, असे त्याचे म्हणणे. दाढी असल्याचेही तो नमूद करतो.

तिसरा साक्षीदार थेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी. हाही इ. स. १६६६ मध्येच सुरतेत होता. त्याच्या लेखी महाराज ठेंगणे व पिंगट-सावळ्या वर्णाचे; डोळे मात्र चंचल व बुद्धीने चमकणारे.

म्हणजे उंची, दाढी व डोळे यांविषयी साक्षींत विरोध नाही. विरोध आहे तो नेमका रंगाविषयी, आणि आपल्याला तर हातात कुंचला घेऊन रंगच कालवावयाचा आहे! पण थोडा विचार केला तर हा विरोध फारसा उरत नाही. गोरा हा शब्द नेहमी कोणाच्या तरी तुलनेने वापरला जातो. सह्याद्रीच्या उन्हात रापलेल्या मावळ्यांच्या घोळक्यात जो गोरा दिसेल, तोच फ्रान्समधून आलेल्या मनुष्यास सावळा वाटेल. वधूवरांच्या पत्रिका जुळविताना एकाच मुलीस एक घर गोरी म्हणते व दुसरे निमगोरी, हा अनुभव कोणत्या घरात नाही? तेव्हा उजळ गव्हाळ वर्ण धरावा. तीनही साक्षी त्यात सामावतात. बाजारचा गुलाबी मात्र एकीतही बसत नाही.

चित्रांची साक्षही पाहू. एके काळी भलत्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी श्रमपूर्वक शोध करून खरे चित्र लोकांपुढे ठेवले. डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याचा जो मोठा ग्रंथ इ. स. १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध झाला त्यातही महाराजांचे चित्र आहे. मात्र ते कोरीव ठशावरून छापलेले, केवळ काळ्या रेघांचे, त्यामुळे वर्णाच्या कामी त्याचा उपयोग नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये गोवळकोंड्यास सुमारे इ. स. १६८६ च्या सुमारास तयार झालेला चित्रसंग्रह आहे, त्यात महाराज आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच काळातील दुसरे चित्र आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मीर महंमद नावाच्या चित्रकाराने मनुचीसाठी काढलेले अश्वारूढ चित्र आहे. हा मनुची इ. स. १६६५ मध्ये जयसिंगांच्या छावणीत महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे सांगतो. ही सर्व चित्रे आता घरबसल्या पाहावयास मिळतात. रंगवावयास बसण्यापूर्वी मुलाने ती एकदा समोर ठेवावीत. धारदार व पुढे आलेले नाक, मोठे डोळे, खाली निमुळती होत गेलेली दाढी ही लक्षणे त्यास आपोआप दिसतील.

आणखी एक हिशेब मुलांस करावयास सांगावा. महाराजांचा जन्म इ. स. १६३० चा आणि राज्याभिषेक इ. स. १६७४ चा. म्हणजे सिंहासनावर बसलेले महाराज चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. बाजारातील मूर्तीचा चेहरा पंचविशीतील असतो! अफजलखानाचे संकट, पुरंदरचा तह, आग्र्याची कैद हे सारे ज्याच्या मागे पडले आहे अशा पुरुषाच्या मुखावर नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक सौम्य रेषा असावयास हरकत नाही. दाढीत पांढरे केस काढण्याचा मोह मात्र आवरावा. त्यास आपल्याजवळ आधार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम आपण किती लहान जागेत काम करणार आहोत याची कल्पना यावी. सिंहासनावरील महाराज पायांपासून मस्तकापर्यंत चार इंच असतील, तर हनुवटीपासून टाळूपर्यंतचे अंतर सुमारे सतरा मिलिमीटर भरते. डोळ्याची लांबी सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे तिळाहून किंचित लहान. आणि बुबुळ खसखशीच्या दाण्याएवढे. तीन-सव्वातीन इंचांच्या मावळ्याचे बुबुळ तर त्याहूनही बारीक. हे ऐकून मुलांनी घाबरू नये. एवढ्या जागेत रेखाटन करावयाचे नसतेच. योग्य रंगाचा योग्य ठिपका योग्य ठिकाणी पडला की पुरे.

मूर्तीचे जुने पोपडे मऊ ब्रशाने हलकेच काढून टाकावेत. घासकागद मुखावर लावू नये, नाकाची धार जाते. कच्च्या शाडूची मूर्ती असेल तर पाण्याचा हात बेताने ठेवावा, कारण ती पाण्याने विरघळते. प्लास्टर उलट पाणी शोषून घेते व कुंचल्यातील रंग टेकताक्षणी आटवते. दोहींवर उपाय एकच: पांढरा गोंद पाण्यात पुष्कळ पातळ करून त्याचा एक हात द्यावा व पूर्ण वाळू द्यावा. मूर्ती हातात धरून रंगवू नये. एखाद्या रुंद बुचावर मेणाने चिकटवावी आणि बूच धरावे. म्हणजे बोटांचा तेलकटपणा मुखास लागत नाही आणि मनगट मनगटास टेकवून हात स्थिर ठेवता येतो.

कुंचल्याविषयी एक समजूत सर्वत्र आहे की, बारीक कामास अगदी बारीकात बारीक कुंचला घ्यावा. हे खरे नव्हे. चार केसांच्या कुंचल्यात रंग राहत नाही. मुखापर्यंत नेईतो तो टोकावर वाळतो. शून्य किंवा एक क्रमांकाचा, पोट भरलेला पण टोक सुईसारखे असलेला कुंचला घ्यावा. आपल्याकडील जुने लघुचित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले वापरीत ते याच गुणासाठी. टोक ओठांत धरून ओले करण्याची मुलांची सवय तेवढी मोडावी.

रंग हल्ली बहुतेक घरी ॲक्रिलिकचे असतात, तेच घ्यावेत. ते लवकर वाळतात म्हणून बशीत ओले फडके पसरून त्यावर खाऊच्या पुडक्यातील बटर पेपर ठेवावा व रंग त्यावर कालवावेत. यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी, ती दोन वाटे. बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा तांबूस रंग, एक वाटा. आणि त्यात पांढरा थोडा थोडा घालीत जावे. उजळ गव्हाळ रंग तयार होईल. स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूशी धरून पाहावा. ओळखीचा वाटला पाहिजे. दुधाइतका पातळ करून त्याचे दोन-तीन हात द्यावेत. एकच दाट हात दिला तर डोळ्यांच्या खाचा बुजतात.

येथवर कोणीही करील. चेहऱ्यास जीव येतो तो यापुढे, छायेने.

वाचक विचारतील, मूर्तीला नाक-डोळे आहेतच, मग त्यांची छाया आपोआप पडेल; ती रंगवावयाची कशास? मोठ्या पुतळ्यावर ती पडतेच. पुतळ्याची भुवई इंच-दोन इंच पुढे असते, तिच्याखाली चांगला अंधार साठतो. आमच्या चार इंची मूर्तीत तीच भुवई अर्धा मिलिमीटर पुढे येते. भोवतालच्या जमिनीवरून, भिंतीवरून परतलेला उजेड त्या लहानशा खाचेत सहज शिरतो व छाया पुसून टाकतो. म्हणून लहान मूर्ती एकरंगी राहिली की चार हातांवरून तिचा चेहरा सपाट पुरणपोळीसारखा दिसतो. निसर्ग जे करीत नाही ते कुंचल्याने करावयाचे.

प्रकाश डोक्यावरून येत आहे असे समजावे. जिरेटोपाच्या काठाखाली, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही अंगांस, गालफडाखाली व मानेवर छाया द्यावी. कपाळाचा मध्य, नाकाचा दांडा, गालांचे उंचवटे यांवर उजेड द्यावा. छायेसाठी मूळ रंगात गडद तपकिरी बर्न्ट अंबर व क्रिमसनचा अगदी कण मिसळावा. काळा घालू नये. महाराज चुलीपुढून उठून आल्यासारखे दिसतील. उजेडासाठी नुसता पांढरा घातला तर चेहरा खडू लावल्यासारखा होतो. त्यात पिवडीचा अंश राहू द्यावा. जेथे दोन रंग भेटतात तेथे मधला रंग कालवून ती सीमा पुसट करावी. जवळून पाहता ही छाया अतिरेकी वाटेल आणि आजी म्हणतील, "अरे, तोंड डागाळलेस की!" त्यांना मूर्ती चार हातांवर ठेवून दाखवावी.

डोळे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे स्वतंत्र काम समजले जाते व ते कसबी हाताकडेच असते. घरच्या मुलाने त्या हाताशी स्पर्धा करू नये, पण रीत समजून घ्यावी. प्रथम डोळ्याची सारी जागा गडद तपकिरी रंगाने भरावी. मग तिच्या आत पांढरा भरावा. हा पांढरा शुद्ध नसावा, त्यात पिवडीचा व तपकिरीचा अंश असावा. आणि वरच्या कडेस मूळच्या तपकिरीची बारीक रेघ शिल्लक राहू द्यावी, तीच पापणी होते. त्यावर बुबुळाचा ठिपका असा ठेवावा की तो वर पापणीत बुडालेला व खाली कडेला टेकलेला असेल. झाले, राग गेला. दोन्ही बुबुळे एकाच बाजूस किंचित सरकविली तर दृष्टीस रोख येतो व महाराज दरबारातील कोणाकडे तरी पाहत आहेत असे वाटते. एस्कॅलियट व थेवेनो दोघांनीही डोळ्यांचा चपळपणा नोंदविला आहे, तो एवढ्या एका सरकविण्याने साधतो. आपल्या हाताला जो डोळा अवघड पडतो तो आधी करावा. सोपा डोळा मागाहून त्याच्याशी जुळविता येतो.

आमच्या घरी मागे मावळे रंगविण्याचे काम चालले असता झालेला एक संवाद येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

"काका, हा मावळा तिरळा झाला."

"तिरळा कसा होईल? त्याचा दुसरा डोळा तू अजून काढलाच नाहीस."

"पण होणार हे दिसतंय ना आत्ताच!"

मुलाचे म्हणणे बरोबर होते. काकांनी मूर्ती आरशापुढे धरली. आरशात चूक दुप्पट दिसते. ओल्या कुंचल्याने तो ठिपका टिपून घेतला व पुन्हा ठेवला. ॲक्रिलिक वाळण्यापूर्वीचे अर्धे मिनिट अशा कामी फार उपयोगी पडते.

ओठ लाल करू नयेत. वरचा ओठ प्रकाशाकडे पाठ फिरवतो म्हणून तो गडद, खालचा उजळ. दोन्ही त्वचेच्याच रंगात क्रिमसन मिसळून करावेत. त्यांमधील रेघ केसासारखी बारीक असावी, आणि तिची दोन्ही टोके किंचित, अगदी किंचितच वर न्यावीत. सुरतेच्या पाद्रीबुवांनी ऐकलेले हास्य ते हेच. रेघ जास्त वर गेली तर महाराज छायाचित्रासाठी बसल्यासारखे दिसतील, आणि मग पुसून पुन्हा काढावी. या रेघेवर दोन-तीन संध्याकाळ गेल्या तरी त्या फुकट गेल्या असे कोणी म्हणू नये.

दाढीमिशांनाही निव्वळ काळा नको. गडद तपकिरीत थोडा निळा मिसळला की केसांचा काळेपणा साधतो. गालावर जेथे दाढी सुरू होते तेथे त्वचेचा व दाढीचा रंग सम प्रमाणात कालवून एक मधला हात द्यावा. नाहीतर दाढी नाटकातल्यासारखी चिकटवलेली वाटते. शेवटी केसांच्या दिशेने फिकट तपकिरीचे चार-सहा फटकारे पुरेत.

महाराजांविषयी आम्ही इतके लिहिले, पण आमच्या मते मुलाने पहिला कुंचला त्यांच्यावर चालवूच नये. आधी मावळे घ्यावेत. घरी डझनभर तरी असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा चेहरा एकच असतो. ढाल एक, तलवार एक, मिशी एक, आणि तोच गुलाबी रंग. बारा मावळांच्या खोऱ्यांतून आलेली ती माणसे. गडाच्या घेऱ्यावर तर रामोशी, महार, मांग, कोळी असे निरनिराळ्या जातींचे लोक पहारा करीत. त्यांची चित्रे कोणी काढून ठेवली नाहीत. गोवळकोंड्याच्या चित्रकारास त्यांचे प्रयोजन नव्हते आणि डच ग्रंथकारासही नव्हते. पण ते एकाच तोंडाचे खास नव्हते. साच्याने त्यांना एक केले, कुंचल्याने त्यांना निराळे करावे. एकास पिकल्या जांभळाकडे झुकणारा गडद तपकिरी, दुसऱ्यास तांबूस, तिसऱ्यास निमगोरा असे रंग द्यावेत. एखाद्याच्या गालावर निळसर करड्याचा पातळ हात दिला की चार दिवसांची वाढलेली दाढी दिसते. एकाच्या मिशा पिकवाव्यात; येथे आधार मागावयास कोणी येणार नाही, कारण पन्नाशीचे मावळेही लढले असतीलच. एखाद्या पोरसवदा मावळ्यास नुसतीच मिसरूड ठेवावी. मुंबईकरांनी मुलांस भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अवश्य न्यावे. इ. स. १८७२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या समाजांतील व धंद्यांतील माणसांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. लहान आकारातही माणूस कसा दाखविता येतो हे तेथे पाहावयास मिळते.

बारा मावळे झाले की हात आपोआप बसतो. पहिला व बारावा शेजारी ठेवून पाहिल्यास मुलास ते सांगावेही लागत नाही.

आता मामंजींच्या आक्षेपाविषयी. तो आम्ही हलका मानीत नाही. ज्या मुखास आपण दिवाळीत झेंडूचे फूल वाहतो त्यावर खेळ होऊ नये, ही भावना योग्यच आहे. परंतु नवी मूर्ती आणली म्हणजे तिच्यावर कोणाचाच कुंचला चालला नाही असे थोडेच आहे? तेथेही कोणाचे तरी पोर, कदाचित या पुतण्याच्याच वयाचे, घाईघाईने ठिपके देत बसलेले असते. आणि हा मुलगा तर महाराज कसे दिसत होते हे विचारल्यावाचून कुंचला उचलावयास तयार नाही. आमची सूचना अशी की, मावळ्यांचे काम पुरे होईपर्यंत महाराजांची मूर्ती मामंजींच्याच कपाटात राहू द्यावी. बारा मावळे त्यांच्यापुढे मांडावेत. त्यांना पसंत पडले तर मूर्ती त्यांनीच मुलाच्या हाती द्यावी, आणि काम चालू असता जवळ बसून जुन्या लोकांनी केलेली वर्णने त्यास वाचून दाखवावीत. गोरा की सावळा हा वाद त्या दोघांत अवश्य व्हावा. मुलाने मधला रंग कालवून नातवाच्या हक्काने आजोबांच्या मनगटाशी धरून पाहिला, तर तो वाद मिटण्याचाही संभव आहे.

काम पुरे झाल्यावर दोन दिवस मूर्तीस हात लावू नये. मग बिनचकाकीच्या रोगणाचा एक पातळ हात द्यावा. चकचकीत रोगण मुखास वापरू नये. चेहरा घामाघूम दिसतो आणि आपण कष्टाने दिलेली छाया त्या चकाकीत बुडून जाते. डोळ्यांवर मात्र टाचणीच्या टोकाने चकचकीत रोगणाचा एकेक थेंब ठेवावा. पणतीचा उजेड त्यात उमटतो.

हळीवांवर पाणी शिंपडताना महाराजांस गडावरून उतरवून घ्यावे, आणि रात्री दव पडण्यापूर्वी सिंहासनासह घरात आणावे. मावळे पहाऱ्यावर राहिले तरी चालेल.